रडणाऱ्या नायिकेच्या तोंडी काय घालायचं?

जुन्या प्रेमकथांच्या कॉमिकमधलं चित्र घेऊन, संवादाचा फुगा पुसून त्यात आपलं गमतीदार वाक्य लिहायचं, असं मीम करायचंय ना? मग फुगा पुसण्याआधी चेहरा नीट बघ. १९४७ मध्ये चित्रकथाकार जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी अमेरिकेत प्रेमकथांचं कॉमिक काढलं, ते धो धो खपलं आणि मग तशा कॉमिक्सची लाटच आली. त्यातल्या नायिका अगदी जीव तोडून रडतात. त्या रडण्याला कारण फुसकं दे: "त्यानं माझा चार्जर नेला!" चेहरा आधीच हसरा असेल तर ते चित्र सोडून दे. वाक्य मूळ फुग्यात मावेल एवढंच हवं. मात्रा-उकार एकमेकांत अडकतात, म्हणून ओळींत जागा ठेव. आणि खाली हसऱ्या इमोजी नकोत, प्लीज. डिजिटल कॉमिक म्युझियम या वेबसाइटवर कॉपीराइटचे हक्क संपलेले अंक मिळतात. कॉमिकऐवजी घरातले जुने फोटो वापरणार असशील, तर आधी आजीला विचार.