घरी गाडी धुवायला फोम गन घ्यावी का? आधी तुमची टाकी किती उंचावर आहे ते बघा

तुम्ही विचारलंय की नळाच्या पाइपला लावायची फोम गन ऑनलाइन स्वस्तात मिळायलीय, ती घेतली तर गाडी वॉशिंग सेंटरसारखी निघेल का, पाणी किती जाईल, आणि बाटलीत घरातलाच शाम्पू टाकला तर चालेल का. मी लातूरचा, घरात दोन गाड्या, माझी पांढरी स्विफ्ट आणि मोठ्या भावाची काळी स्कॉर्पिओ. तीन वर्षांत तीन प्रकारच्या गन वापरून झाल्यात, त्यातली पहिली आता जिन्याखाली जुन्या चपलांसोबत पडलीय आणि तुम्ही नेमकी तीच घ्यायलात म्हणून हे एवढं लिहायलोय.

कंपनीच्या व्हिडिओत दिसतो तो फेस प्रेशरनं होतो. गनच्या आत एक बारीक गळा असतो, पाणी तिथून जोरात गेलं की बाटलीतला शाम्पू वर ओढला जातो, त्यात हवा मिसळते आणि फेस होतो. पाण्याला जोरच नसेल तर शाम्पू ओढणार कोण? आता हिशोब बघा, १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) प्रेशर मिळतं. आपलं एकमजली घर, स्लॅबवर टाकी, अंगणातल्या नळापासून वर धरा चार-साडेचार मीटर, म्हणजे अर्धा बारसुद्धा हातात येत नाही. मी पहिल्या दिवशी एकदम हौसेनं गन लावली, खटका दाबला, तर ताक सांडल्यासारखं पातळ पांढरं पाणी बॉनेटवरून सरळ खाली फरशीवर. शेजारचं पोरगं फटफटीवर बसून बघत होतं, म्हणे काका दुधानं अंघोळ घालायलात का गाडीला.

मग डोकं लावलं आणि हौदातल्या अर्ध्या एचपीच्या मोटारीला डायरेक्ट पाइप जोडला. फेस आला बरं का, खोटं कशाला बोलू, अगदी तसा घट्ट नाही पण दोन मिनिटं तरी दारावर टिकला. फक्त एक विसरलो, मोटार चालू आणि मी गनचा खटका सोडला, पाण्याला जायला जागाच नाही, पाइप क्लिपमधून सटकला आणि मी, आई, तुळस सगळे ओले. त्यामुळं मोटारीवर लावायचीच असेल तर क्लिपा चांगल्या आवळा, मधी एक टी (तीन तोंडांचा पाइपचा जोड) टाकून जादा पाणी परत हौदात जाऊ द्या आणि आधी मोटार बंद, मग गन बंद.

दुसरा प्रकार हातपंपाचा. दीड-दोन लिटरची बाटली, वरून भाता मारायचा, आत हवा भरली की बटण दाबून फेस. नळ नको, लाइट नको, टाकीची उंची नको. याचा फेस जरा ओला असतो, थंडीतल्या दवासारखा पटकन विरत नाही पण शेव्हिंग क्रीमसारखा लटकूनही राहत नाही. एका गाडीला दोनदा बाटली भरावी लागते आणि अंगठा दुखतो. तरी माझं मत विचाराल तर लातूर, धाराशिव, बीड, जालना असल्या गावात राहणाऱ्यानं सुरुवात यानंच करावी. तिसरा प्रकार म्हणजे प्रेशर वॉशरच्या (पाणी जोरात फेकणारं लाइटवरचं मशीन) पुढं लावायची गन, व्हिडिओतला फेस तो हाच, पण त्याला आधी मशीन लागतं.

आता फेस कशाला पाहिजे हे पण नीट समजून घ्या, कारण इथंच बहुतेक लोक फसतात. फेसानं गाडी धुतली जात नाही. फेसाचं काम एवढंच की हात लावायच्या आधी धूळ भिजवून सैल करायची, म्हणजे फडकं फिरवताना ती रंगावर घासली जाणार नाही. आपल्याकडची धूळ कशी आहे तुम्हाला माहीतच आहे, काळ्या मातीची, पिठासारखी बारीक, वरून कच्च्या रस्त्याची कच, आणि सोयाबीनच्या राशी चालू असल्या की भुसा वेगळाच. भाऊ रोज सकाळी कोरड्या फडक्यानं स्कॉर्पिओ पुसायचा, त्याला वाटायचं किती काळजी घेतो मी. एका संध्याकाळी पेट्रोल पंपावर लाइटखाली उभी केली तर दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे, हजारो. रंगाच्या वरचा जो चमकणारा थर असतो ना तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, त्यावर रोज सकाळी पॉलिश पेपर मारल्यासारखंच झालं ते.

म्हणून माझी पद्धत अशी की आधी नुसत्या पाण्यानं गाडी चांगली भिजवायची, चाकाच्या वरच्या पोकळीत माती अडकते ती खालून पाडायची, पावसाळ्यात शेताकडं जाऊन आलात तर तिथनं ढेकळंच निघतात. मग फेस मारायचा, चार-पाच मिनिटं थांबायचं, चहा नाही हां, चहा घ्यायला आत गेलात की गप्पात दहा मिनिटं जातात आणि फेस वाळतो. वाळू द्यायचाच नाही. मग तो पाण्यानं उतरवायचा, बघा खाली पाणी कसं चॉकलेटी जातं. यानंतर पण दारावर बोट फिरवलं तर बोटाला बारीक थर लागेल, तो नुसत्या फेसानं जातच नाही, कितीही महाग शाम्पू घ्या. त्याच्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा आणि दोन बकेटा, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, प्रत्येक दारानंतर मोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. वरून खाली यायचं, टपापासून सुरू, चाकं शेवटी, आणि चाकाचा मोजा वेगळा. मोजा खाली पडला तर तसाच उचलून लावू नका, अंगणातली कच घेऊन येतो तो.

वेळ सकाळी साडेसहाची. मे महिन्यात नऊनंतर बॉनेटवर हात ठेववत नाही, त्यावर फेस मारला की मारल्या मारल्या सुकतो. माझी एकदा अशीच फजिती झाली, उशिरा सुरू केलं, मशीननं सगळ्या गाडीला फेस मारला आणि लाइट गेली. मशीन बंद, ऊन चढायलंय, पळत जाऊन हौदातून बादल्या उपसल्या तरी मागच्या काचेवर पांढरे पट्टे सुकलेच. तेव्हापासून फेस मारायच्या आधी दोन भरलेल्या बादल्या आणि पाणी घ्यायचा मग बाजूला ठेवतो.

पाण्याचं विचारलंत ते बरं केलं. हे गाव ते आहे जिथं एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत १० टाक्या, ५ लाख लिटर, नंतर ५० टाक्यांची गाडी सुरू झाली. त्या वर्षी गाडी धुणं म्हणजे गल्लीत शिव्या खाणं होतं आणि बरोबरच होतं ते. मी बादली लावून मोजलंय, आमच्या नळाचा उघडा पाइप मिनिटाला दहा-बारा लिटर टाकतो, पंधरा मिनिटं हातात धरून फिरलात की दीडशे लिटरच्या वर गेलं. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला पाच-सहा लिटर घेतो, खटका सोडला की बंद, भिजवणं, फेस, उतरवणं आणि दोन बकेटा धरून सत्तरच्या आसपास होतं. हातपंपाची बाटली आणि मगानं पाणी, असं केलं तर मी ३५-४० लिटरमध्ये स्विफ्ट काढतो. नुसती फोम गन घेतली म्हणून पाणी वाचत नाही, उलट फेस उतरवायला जास्तच लागतं, शाम्पू जास्त ओतला की अजून जास्त.

एक देशी जुगाड सांगतो. शेतात औषध मारायचा १६ लिटरचा बॅटरीवाला पंप असेल ना, त्यानं गाडी भिजवणं आणि फेस उतरवणं एकदम मस्त होतं, बारीक फवारा, पाणी कमी. फक्त तणनाशक मारलेला पंप नको, अंगावर उडतं ते, आणि शाम्पू टाकून वापरलेला पंप तसाच शेतात नेला तर वडील काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता खरं दुखणं, बोअरचं पाणी. आपलं बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर, बादलीला पांढरा थर धरतो तोच गाडीवर पण धरणार. जड पाण्यात शाम्पूचा फेसही कमी होतो. मी एकदा हातपंपाच्या बाटलीत तेवढाच शाम्पू घालून एकदा बोअरचं आणि एकदा फिल्टरचं पाणी भरलं, फिल्टरवाल्याचा फेस डोळ्यांना दिसेल इतका दाट होता. दीड लिटर तर लागतं, तेवढं फिल्टरचं वापरायला काही हरकत नाही. पण एक गोष्ट करू नका, आरओमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते साठवून बरेच जण गाडी धुतात. त्या पाण्यात गाळलेले सगळे क्षार येऊन बसलेले असतात, मूळ बोअरपेक्षा जड. पहिल्यांदा माती भिजवायला वापरा, शेवटच्या पाण्याला अजिबात नाही. पावसाळ्यात स्लॅबचं पाणी पिंपात धरलंत तर त्याच्यासारखं शेवटचं पाणी नाही. आणि धुतल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नका, लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं टिपा, घासू नका. जुनं बनियन तर नकोच. डाग पडलेच तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, गाडी थंड असताना, सावलीत, मिनिटभर ठेवून धुवून टाका, ताजे डाग जातात. वर्षभराचे जात नाहीत, त्याला पॉलिश लागतं.

घरातला शाम्पू म्हणजे नेमकं काय म्हणताय तुम्ही? डोक्याचा असेल तर एखाद्या वेळी चालून जातो. भांड्याचं लिक्विड तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं, ते गाडीवरचं वॅक्सपण काढून टाकतं. कपड्याची पावडर तर लांबच ठेवा, क्षारी असते आणि न विरघळलेले कण घासले जातात. न्यूट्रल पीएचचा, म्हणजे ना आम्ल ना क्षारी असा, गाडीचा शाम्पू घ्या, एक लिटरच्या बाटलीला ५० ते १०० मिली पुरतो, आधी पाणी मग शाम्पू, नाहीतर बाटलीतच फेस भरतो.

पुढं मागं मशीन घ्यायचं झालं तर दोन-तीन गोष्टी बघून घ्या. बादलीतून पाणी ओढतं का ते विचारा, कारण आपल्याकडं नळाला प्रेशर नाही, आणि ओढायच्या पाइपला जाळी पाहिजेच, हौदाच्या तळाची माती आत गेली की पंप गेला. मशीन १४००-१७०० वॅटचं असतं, मोठ्या पिनच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावा, अर्थिंग तपासून, टेबल फॅनच्या बारीक बोर्डाला नाही, ओल्या पायानं उभे असता तुम्ही. फेस हळूहळू पातळ यायला लागला की गन फेकायची नाही, पुढचा भाग खोला, आत तारेच्या चोथ्यासारखी एक बारीक जाळी असते, क्षारानं ती दगड होते. रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवायची. माझी एकदा सकाळी काढली तर वाटीच्या तळाला चुन्यासारखा गाळ आणि गनला परत पहिल्या दिवसासारखा फेस, बायको मात्र अजून विचारायलीय की लोणच्याची वाटी नेमकी कशाला घेतली होती.