मॉडेल विमानाला खऱ्या पत्र्यासारखी चकाकी कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की १/७२ मापाच्या मिग-२१ ला हार्डवेअरच्या दुकानातल्या चांदी रंगाच्या स्प्रेचे दोन हात दिले, तरी ते खेळण्यातलंच वाटतं. माझ्या पहिल्या दोन विमानांचं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या स्प्रेतली अॅल्युमिनियमची भुकटी गेट आणि ग्रिलसाठी असते. तिचा एकेक कण ७२ पट मोठा झाला असं समजा, मग विमानाच्या अंगावर खडी पसरल्यासारखं का दिसतं ते कळेल. त्यामुळे तो स्प्रे सोडाच. पण भारी रंग आणूनही काम होणार नाही, कारण निम्म्याहून जास्त चकाकी रंगाखालच्या प्लास्टिकमध्ये असते. हिरव्या-तपकिरी रंगाखाली जो चरा कधीच दिसला नसता, तो चांदीखाली ठळक उठून येतो.

म्हणून सांध्यात लांबी (पुट्टी) भरा, वाळू द्या आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून ४००, ८००, १२००, २००० (आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक) अशा क्रमानं घासा. एकही पायरी गाळू नका. ४०० चे चरे २००० नं निघत नाहीत, फक्त झाकल्यासारखे वाटतात. शेवटी साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) मऊ सुती कापडावर घेऊन हलक्या हातानं फिरवा. आपल्या सोलापुरात घरोघरी टॉवेल, पण या कामाला टॉवेल चालत नाही. त्याच्या फासांत कण अडकतात आणि नवे चरे पडतात. मी आजोबांच्या जुन्या धोतराचे तुकडे जपून ठेवलेत, त्याहून चांगलं कापड मला अजून मिळालेलं नाही. पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेषांत पेस्ट अडकते, ती साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशनं काढा.

मग चकचकीत काळा हात. धातूचा थर इतका पातळ असतो की थोडा प्रकाश त्यातून आत जातो. खाली काळं असेल तर तो तिथंच गिळला जातो, वरून परततो तो फक्त धातूवरचा, म्हणून खोली दिसते. हा काळा रंग पूर्ण वाळलाच पाहिजे. इनॅमल असेल तर मी तीन दिवस हात लावत नाही.

इथं आपल्या गावाच्या हवेचा प्रश्न येतो. एका एप्रिलमध्ये मी दुपारी गच्चीवर एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनासारखं साधन) चालवला. रंगाचे थेंब विमानापर्यंत पोचायच्या आतच वाळत होते. बोट फिरवलं तर काळा थर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला आणि त्यावरची चांदी राखेसारखी दिसली. सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून केलं. तेव्हापासून उन्हाळ्यात फक्त पहाटे, सहाच्या आत. माझं घर अक्कलकोट रोडच्या बाजूला, जवळच माग चालतात, तुसं उडतात. म्हणून आधी फरशीवर पाणी शिंपडतो आणि रंग दिल्यावर विमान लगेच मोठ्या डब्याखाली झाकतो. लॅकर, म्हणजे थिनरमधल्या झटपट वाळणाऱ्या रंगाला वास भयंकर असतो, खिडकी उघडी हवी आणि तोंडाला गाळणीचा मास्क हवाच.

धातूच्या रंगासाठी मी अल्क्लॅड टू नावाचा लॅकर वापरतो. त्याचं नाव खऱ्या विमानाच्या पत्र्यावरूनच आलंय: आत ड्युरॅल्युमिन (अॅल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू), वर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर. हा रंग थिनर न घालता तसाच एअरब्रशमध्ये ओततात. हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय (दाब मोजायचं एकक), आणि हात इतके पातळ की पहिल्या वेळी काही झालंच नाही असं वाटावं. काळा पूर्ण झाकला जायच्या किंचित आधी थांबा. जास्त दिलं की आरसा जाऊन पुन्हा रंग दिसायला लागतो.

आता मिगबद्दल. आपल्या हवाई दलात ते १९६३ साली आलं आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चंदीगडला निरोप घेतला. सुरुवातीच्या काळातलं ते उघड्या पत्र्याचं रूप करायचं असेल तर आरसा करू नका. त्या पत्र्याची चमक दबकी होती. तळ काळा चकचकीतच ठेवा, पण वर क्रोम किंवा पॉलिश्ड शेड घेऊ नका, साधा अॅल्युमिनियम घ्या. सगळं विमान एकाच छटेत रंगवलं तरी ते खोटंच दिसेल. घरातलं नवं अॅल्युमिनियमचं पातेलं खिडकीत धरून हळूहळू फिरवा. तोच पत्रा एका कोनात पांढरा, दुसऱ्यात करडा दिसतो, कारण पत्र्यावरच्या बारीक रेघा प्रकाश वेगवेगळा परतवतात. विमानावर शेजारशेजारचे पत्रे अशाच वेगवेगळ्या दिशांनी बसवलेले असतात. म्हणून पाच-सहा पॅनेल झाकपट्टीनं (मास्किंग टेपनं) वेगळी काढून गडद छटेचा एक हात द्या. पट्टी आधी तळहाताला दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. शेपटीकडे, इंजिनाच्या झोताजवळ पत्रा तापून काळसर-तपकिरी होतो, तिथं वेगळी छटा हवीच.

एअरब्रश नसेल तर निराश होऊ नका. स्वयंपाकघरातला फॉइल चिकटवूनही अप्रतिम काम होतं, कारण तो खराच धातू आहे. पातळ चिकट थर लावा, चिकटसर होईपर्यंत थांबा, एकेक पॅनेल कापून बसवा आणि कानाच्या काडीनं एकाच दिशेनं घासा. गडद पॅनेल हवं असेल तर फॉइलचा तुकडा बोअरच्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. अंडी उकडून पातेलं आतून काळं पडतं ना, तसाच करडेपणा येतो. नाकासारख्या दोन्हीकडून वळलेल्या भागावर मात्र सुरकुत्या पडतात, तिथं चिकाटी लागते.

एक विनंती, थेट मिगवर सुरू करू नका. आइस्क्रीमबरोबर येणारे प्लास्टिकचे चार-पाच चमचे घ्या आणि त्यांच्या पाठीवर काळा रंग मारून बघा. वाळल्यावर चमचा खिडकीसमोर धरा. गजांचं प्रतिबिंब काठाशी स्वच्छ, न थरथरता दिसलं, की विमान हातात घ्या.