गॅरेजचा स्लॅब खचला आहे, पण फोडण्याची घाई करू नका

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचकाने घराचा तळमजला, गॅरेज आणि मागची शेड या तिन्ही ठिकाणचा जमिनीवरचा काँक्रीट स्लॅब एकाच ठेकेदाराकडून घालून घेतला. लेखी करार नाही, सगळे बोलणे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर झाले. पहिल्याच पावसाळ्यात गॅरेजचा एक कोपरा खाली बसला आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत भेग गेली. घरात बारीक भेगा दिसतात, शेडची जमीनही तडकली आहे. ठेकेदाराचे म्हणणे, “काँक्रीटला भेगा पडतातच, आणि तुमची जमीनच काळी, त्याला मी काय करू?” वाचकाने शेवटचा हप्ता अडवला आहे आणि ठेकेदार दाव्याची धमकी देतो आहे. पुढच्या आठवड्यात सगळे फोडून दुसऱ्याकडून करून घेतले, तर तो खर्च पहिल्याकडून वसूल होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

वसूल होऊ शकतो. पण फोडणाऱ्याला आजच थांबायला सांगा. तुमच्याकडे करारपत्र नाही, मोजमाप वही नाही, क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांची ताकद तपासल्याचा, अहवालही नाही. काम कसे झाले याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो स्लॅब आणि त्याच्याखालचा भराव. तो एकदा ट्रॅक्टरमध्ये भरून गेला की ठेकेदार म्हणेल, माझे काम ठणठणीत होते, यांनीच फोडले. त्याला उत्तर द्यायला तुमच्याजवळ काही उरणार नाही.

तिन्ही तक्रारी एकाच पारड्यात टाकू नका. घरातल्या केसासारख्या भेगा बहुधा काँक्रीट वाळताना आकसल्याच्या असतात. भेगेच्या दोन्ही कडा एकाच पातळीत असतील आणि भेग वाढत नसेल, तर त्यावर मोठी भरपाई मागून मूळ तक्रार हलकी करू नका. शेडबद्दल तुम्हीच लिहिले आहे की खर्च वाचवायला जाडी कमी करायला तुम्ही सांगितले. तो निरोप त्याच्याही फोनमध्ये असणार. ती तक्रार मी सोडून देईन. गॅरेजचे मात्र तसे नाही. तिथे भेगेची एक कड वर आणि एक खाली आहे, म्हणजे खालचा आधार गेला आहे. तुमची खरी बाजू तिथे आहे.

मुळात हे भांडण काँक्रीटपेक्षा भरावाचे असावे. मुरूम 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुमस करून दाबायचा असतो. एकदाच ओतून वरवर चोपला, तर पहिल्या पावसात तो बसतो आणि स्लॅब पोकळीवर अधांतरी राहतो. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते, हे ठेकेदाराचे म्हणणे खरे आहे. पण ते त्याच्या बाजूने जात नाही. जमीन काळी आहे हे खोदतानाच दिसत होते. ती पुरेशी काढून भराव करणे किंवा निदान तुम्हाला आधी सावध करणे हे त्याचे काम होते. एक गोष्ट मात्र तपासा. भराव तुम्ही वेगळ्या माणसाकडून करून घेतला होता का? तसे असेल तर दाव्याची दिशाच बदलते. नकाशा आणि जाडी एखाद्या अभियंत्याने ठरवली असेल, तर त्यालाही पक्षकार करावे लागेल.

आता पुरावा. स्वतंत्र स्थापत्य अभियंता नेमा आणि ठेकेदाराला पोचपावती मिळेल अशा टपालाने पाहणीची तारीख कळवा. तो आला नाही तरी पाहणी होऊ द्या. बोलावले होते याची नोंद तुमच्या उपयोगी पडेल. स्लॅबची लेव्हल (पातळी) मोजून घ्या, भेगेच्या टोकांना तारीख टाकून खुणा करा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. मग कोअर, म्हणजे स्लॅबमधून यंत्राने कापलेले गोल नमुने, काढा. आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअर तीनपेक्षा कमी चालत नाहीत. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या (काँक्रीटच्या ताकदीच्या श्रेणीच्या) 85 टक्के हवी आणि एकही कोअर 75 टक्क्यांखाली नको. कोअरने ताकद तर कळतेच, शिवाय त्या भोकातून खरी जाडी, सळई आणि खालची पोकळी डोळ्यांनी दिसते. पट्टी आत धरून त्याचा फोटो घ्या. निकाल चांगला आला तर घाबरू नका. काँक्रीट उत्तम आणि भराव कच्चा, असेही असते.

तोंडी करारही करारच असतो. दर, जाडी, ग्रेड, भराव यांबद्दलचे निरोप आणि पैसे दिल्याच्या नोंदी त्या कराराला आकार देतात. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. हा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

दाद मागायला जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग मला योग्य वाटतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ आहे. कामासाठी दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येते, आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगातही तक्रार चालते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे. सावधगिरी म्हणून ती स्लॅब घातल्याच्या दिवसापासूनच मोजा. नोटीस पाठवल्याने किंवा बोलणी चालू असल्याने मुदत थांबत नाही. पुष्कळ चांगल्या तक्रारी “बघतो, करून देतो” या आश्वासनांत बुडतात.

हप्ता अडवला आहे तो का, हे लेखी कळवा, आणि रक्कम गॅरेजच्या दुरुस्तीशी जुळती ठेवा. घराच्या झालेल्या कामाचे पैसे विनाकारण दाबलेत तर तुमची बाजू लंगडी होईल. त्याने खरोखर दिवाणी दावा लावला, तर त्याच दाव्यात तुम्हाला प्रतिदावा करता येतो.

पुरावा झाल्यावर मात्र हातावर हात ठेवून बसू नका. करार कायद्याच्या कलम 73 नुसार भरपाई ठरवताना, नुकसान आवरण्याचे कोणते उपाय तुमच्या हातात होते हेही पाहिले जाते. म्हणून नोटिशीत दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्या, त्याने टाळले तर दोन-तीन ठिकाणांहून लेखी दर मागवा आणि फक्त गॅरेजचे काम करून घ्या. फोडताना भरावाचे प्रत्येक थराला फोटो काढा आणि अभियंत्याला त्या दिवशी जागेवर हजर ठेवा. तोपर्यंत गाडी त्या कोपऱ्यावर उभी करू नका. नाहीतर गाडीच्या वजनानेच खचला, असे म्हणायला त्याला वाव मिळेल.