डुकरिणीच्या वेतात पिल्लं कमी? आधी नर तपासा

वेत लहान आलं की नवीन वराहपालक मादीच विकायला काढतात. घाई करू नका. वेतांची नोंदवही नरानुसार मांडून बघा. एकाच नराकडून वेगवेगळ्या माद्यांना 6-7 पिल्लं आणि त्याच माद्यांना दुसऱ्या नराकडून 10-11 होत असतील, तर संशय नरावर घ्या. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेला नर धडधाकट दिसतो, वीर्यही सूक्ष्मदर्शकाखाली चांगलं दिसतं. पण बरेच गर्भ सुरुवातीलाच मरून शोषले जातात. हा दोष त्याच्या जिवंत पिल्लांपैकी साधारण निम्म्यांत उतरतो, म्हणून त्याची पिल्लं पैदाशीला मुळीच ठेवू नका. खात्री रक्ताच्या गुणसूत्र तपासणीनेच होते. नमुना कुठे पाठवायचा, हे नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

नातंही बघा. बाप-लेकीच्या पिल्लांत अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण) 25 टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लांत 12.5 टक्के. त्याने वेत घटतं, पिल्लंही अशक्त निघतात. कानाला खाचा पाडून नोंद ठेवा आणि लेकी माजावर येण्याआधी नर बदला. लँडरेस आणि यॉर्कशायर या दोन जातींची संकरित मादी इथे खरंच फायद्याची.

मात्र आपल्याकडचा मे महिना विसरू नका. उन्हाने बिघडलेलं वीर्य सावरायला दीड-दोन महिने लागतात, तेव्हा जून-जुलैच्या रेतनावरून नराला दोषी ठरवू नका. सुकलेली, लहान-मोठ्या आकाराची मृत पिल्लं पडत असतील तर ते गुणसूत्रांचं काम नव्हे. आधी पार्व्हो या विषाणूची तपासणी करा.