वॉरंटी पाच वर्षांची, तक्रारीची मुदत दोनच

घरामागच्या परड्यात मुलांसाठी पिकलबॉलचं कोर्ट केलं. पहिल्याच पावसाळ्यात काँक्रीटला भेगा गेल्या, वरच्या ॲक्रिलिकला फोड आले. ठेकेदार म्हणतो, तुमची काळी माती फुगली, त्याला आम्ही काय करणार? शिरोळ तालुक्यातून आलेलं पत्र थोडक्यात एवढंच आहे. कोर्टाच्या जागी गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा सोलर हीटर घातला, की असलीच पत्रं मला दर महिन्याला येतात. (घोळ नको म्हणून इथे कोर्ट म्हणजे खेळाचंच. दुसऱ्याला मी न्यायालय म्हणेन.)

ठेकेदार चूक की बरोबर, यावर तुम्ही तीन पानं लिहिलीत. खरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे: "वॉरंटी पाच वर्षांची आहे, त्यामुळे घाई नाही, पण सल्ला हवा." घाई आहे. वॉरंटी किती वर्षांची हे ठेकेदाराने ठरवलं. तक्रार कधीपर्यंत करायची हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 ने ठरवलं आहे: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही भेगांचा पहिला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात गेल्याच्या गेल्या वर्षी, 12 ऑगस्टला. तो तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, आणि घड्याळही त्यानेच सुरू केलं. येत्या 12 ऑगस्टच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. हातात पाच आठवडे आहेत.

"पावसाळा संपला की करून देतो" या त्याच्या निरोपावर तुम्ही दोन दिवाळ्या काढल्यात. अशा बोलण्यांनी मुदत वाढत नाही. कंदिमल्ला राघवैया प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे की, उशिरा नोटीस पाठवून तिला उत्तर मिळवलं म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही. पुरेसं कारण दाखवलं तर ग्राहक आयोग (या कायद्याखालच्या तक्रारी तिथेच चालतात) उशीर माफ करू शकतो, पण "त्याच्या शब्दावर विसंबलो" हे कारण मी स्वतः मांडून पाहिलं आहे आणि हरलो आहे. वॉरंटीतली दुरुस्ती त्याने साफ नाकारली ती तारीख धरा, असाही युक्तिवाद करता येतो. कुठे तो चालतो, कुठे नाही. अजून मुदत हातात असताना त्याच्यावर कशाला विसंबायचं?

म्हणून आधी वकिलाची नोटीस, मग पंधरा दिवस वाट, हा रिवाज सोडा. तक्रारीपूर्वी नोटीस दिलीच पाहिजे असं हा कायदा म्हणत नाही. "वाद पुणे न्यायालयाच्या कक्षेत" ही कोटेशनमधली ओळही विसरा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात, तक्रार करण्याचा हक्क कलम 34 देतं. तुम्ही दिलेले 6 लाख 80 हजार हे पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात येतात. त्याची फी 200 रुपये आहे. ऑनलाइनही दाखल करता येते.

आता मातीचं. "जमिनीच्या हालचालीमुळे पडलेल्या भेगा वॉरंटीत येत नाहीत" हे कलम वाचून तुम्ही हबकलात. त्यावर सही करताना वाचलं असतंत तर बरं झालं असतं. पण तक्रार वॉरंटीपुरती ठेवूच नका, सेवेतील त्रुटी म्हणून करा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, हे शिरोळच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायचं तंत्र आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी कित्येक दशकांपूर्वी दाखवून दिलं. जागा बघून, कोटेशनमध्ये स्वतः "काळी जमीन" लिहून, नुसता सहा इंच मुरूम दाबून वर काँक्रीट ओतणाऱ्याला "माती फुगली" हा बचाव घेता येऊ नये. येऊ नये म्हणतो. घेता येणार नाही, असं लिहून देत नाही. "माती परीक्षण ग्राहकाने करावे" ही ओळ त्याच कोटेशनमध्ये आहे, आणि त्याचा वकील तिथेच बोट ठेवेल. तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मातीची फुगवण चाचणी करून घ्या, आणि खालचा मुरूम खरंच किती इंच आहे ते तज्ज्ञाकडून मोजून घ्या. अहवालाला वेळ लागला तर तो मागाहून जोडा. त्यासाठी तक्रार थांबवू नका.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत: संध्याकाळी गावातली पोरं तासाला पैसे देऊन खेळतात. ठेकेदाराचा वकील म्हणेल, हा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नाही. मुख्य हेतू काय होता हे पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात म्हटलं आहे. घरच्यांसाठी बांधलं आणि विजेच्या बिलापुरते पैसे घेतले, असं असेल तर तसंच लिहा. बोर्ड लावून बुकिंग घेत असाल तर दिवाणी दाव्याचा विचार करा. करारभंगाला तिथे तीन वर्षं मिळतात, पण न्यायालय शुल्क दाव्याच्या रकमेवर आहे आणि मुलं कॉलेजात जाईपर्यंत निकाल येईल याची खात्री नाही. आयोगाने तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात छापलेलं आहे. तुम्ही दोन-तीन वर्षं धरून चाला.

तज्ज्ञ येऊन जाईपर्यंत भेगा भरू नका, स्लॅब फोडू तर मुळीच नका. ज्या जुन्या फोनवरून ते फोटो आणि निरोप गेले, तो तुम्ही भाच्याला देऊन टाकलात म्हणे. आजच परत घ्या, आणि त्याने काही पुसण्याआधी घ्या.