थकलेल्या कर्जाच्या सेटलमेंटचे (बँकेशी कमी रकमेवर केलेल्या तडजोडीचे) हप्ते चालू असताना पगार त्याच बँकेत ठेवावा का?
भावा, नको ठेवूस. ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिथंच पगार जमा झाला की बँक त्यातनं परस्पर वळती करून घेऊ शकते, तसा हक्क असतोय त्यांना, मग घरभाडं आणि किराणा कशातनं भागवणार. मी उद्यमनगरात कामाला असताना हेच झालं, एक तारखेला पगार आला आणि दुपारी खातं रिकामं! दुसऱ्या बँकेत झिरो बॅलन्सचं बेसिक खातं काढ, आधी कर्ज थकलंय म्हणून ते नाकारत नाहीत, आणि पगार तिकडं वळव. पण जुनं खातं बंद नको करूस, ठरलेला हप्ता तिथनंच ऑटो डेबिटनं जात असेल तर आदल्या दिवशी तेवढेच पैसे टाक, बाऊन्स झाला तर दंड वेगळा आणि सेटलमेंटपण मोडायची. आणि हो, सेटलमेंटचं लेखी पत्र घेतलंयस न्हवं?