जावास्क्रिप्ट बंद ठेवून ब्राउझिंग केलं तर खरंच जास्त सुरक्षित असतं का?
हो, चांगलाच फरक पडतो. जावास्क्रिप्ट म्हणजे साइटने पाठवलेला आणि तुमच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड. ब्राउझरमधल्या त्रुटींचा फायदा घेणारे बरेचसे हल्ले जावास्क्रिप्टच्या आधारानेच होतात. अनोळखी कोड तुमच्या मशीनवर चालूच दिला नाही, की त्यांची वाट अडते. टॉर या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरच्या सर्वात कडक सुरक्षा पातळीवर जावास्क्रिप्ट सगळ्याच साइटवर बंद असतं, ते याचसाठी.

पण सरसकट बंद करू नका, वैतागाल. एखादा लांबलचक फॉर्म भरून 'सबमिट' दाबाल आणि काहीच होणार नाही. ना एरर, ना फिरणारं चक्र. मी फायरफॉक्सवर नोस्क्रिप्ट वापरतो, परवानगी नसलेल्या साइटचं जावास्क्रिप्ट अडवणारं हे एक्स्टेन्शन २००५ पासून आहे. साइट अडली तर आधी फक्त तिच्या स्वतःच्या डोमेनला (साइटच्या मुख्य पत्त्याला) तात्पुरती परवानगी द्या. पान परत लोड होऊन चाललं, तर नोस्क्रिप्टच्या यादीत दिसणाऱ्या बाकीच्या डोमेनना हात लावू नका. त्यात जाहिराती आणि ट्रॅकरवालेच बरेच असतात. सुरुवातीला कटकट वाटते, पण रोजच्या साइटना एकदाच कायमची परवानगी दिली की काम संपतं.

खोट्या लॉगिन पानावर मात्र याचा उपयोग नाही. तिथला साधा एचटीएमएल फॉर्मही तुमचा पासवर्ड पाठवून देतो, त्याला स्क्रिप्ट लागत नाही. तिथे अ‍ॅड्रेस बारमधलं डोमेन नीट वाचूनच पासवर्ड टाका.